शिकाऊ हाताचा वेळ

पंख्यांच्या त्या कारखान्यात एक माणूस असा होता, की तो दारातून आत आला की शंभर बायकांचे हात एकदम शहाण्यासारखे वागू लागत. माणूस काही देखणा नव्हता. गळ्यात स्टॉपवॉच, हातात पाटी, पाटीला लावलेला छापील तक्ता आणि कानामागे पेन्सिल, एवढंच त्याचं रूप. त्याचं काम होतं दुसऱ्याचं काम मोजायचं. कॉइल गुंडाळायला किती सेकंद, पातं बसवायला किती, जाळी अडकवायला किती, हे तो मागे उभा राहून टिपून घ्यायचा आणि त्यावरून दिवसाला किती पंखे व्हायला हवेत ते ठरायचं. सगळे त्याला टिकटिक म्हणत. तोंडावर अर्थातच साहेब. टिकटिकरावांना हे नाव ठाऊक होतं आणि खरं सांगायचं तर ते त्यांना आवडायचंही. नाव पडायलासुद्धा माणसाला काहीतरी करावं लागतं.

साठ पूर्ण झाली आणि कारखान्याने त्यांना निरोप दिला. घरी मोजण्यासारखं काही नव्हतं. पायाला भिंगरी लागल्यासारखे ते खिडकीपासून दारापर्यंत आणि दारापासून खिडकीपर्यंत फिरत. दूध वर यायला किती वेळ, लिफ्ट चौथ्या मजल्यावर यायला किती, शेजारणीचा फोन किती, सगळं डोक्यात नोंदलं जाई. बायको दिवसातून तीनदा म्हणायची, "अहो, जरा बाहेर जाऊन या." ते जाऊन येत. "आलात पण?" ती म्हणायची.

मग एका रविवारी मुलीचा फोन आला. तो दर रविवारी यायचा, पण तो आईला असायचा. टिकटिकरावांनी उचलला तर ती म्हणे, "बरे आहात ना? आईला द्या." पाच शब्द, दोन सेकंद. त्या दिवशी मात्र बायकोने फोन ठेवला आणि ती डोळे पुसत म्हणाली, "येतेय. नातीला घेऊन. चार दिवस. बारा आठवड्यांनी."

मुलगी चार वर्षांत घरी आली नव्हती. भांडण म्हणावं असं काही झालं नव्हतं, आणि तीच तर पंचाईत होती. भांडण झालं असतं तर मिटवता आलं असतं. झालं होतं ते फार जुनं, ती अकरा वर्षांची असतानाचं. तिला गिटार शिकायची होती, यांनी आणून दिली. शाळेच्या कार्यक्रमात तिला एक गाणं वाजवायचं होतं, तर यांनी स्वतः एक तक्ता आखून कपाटाच्या दारावर चिकटवला. पंचेचाळीस दिवस. कोणत्या दिवशी काय यायला हवं आणि किती सेकंदांत. रोज संध्याकाळी तिच्या मागे उभे राहून ते घड्याळ लावत. पोरगी मान खाली घालून वाजवी आणि मागे पडे. कार्यक्रमात तिसऱ्या ओळीला तिचा हात अडला. सभागृह गप्प झालं. मग तिने कसंबसं गाणं संपवलं. घरी येताना बापाने पोरीला काय सांगावं? "सव्वाचार सेकंद थांबलीस."

त्यानंतर तिने गिटारला हात लावला नाही. बापाशीही ती जेवढ्यास तेवढंच बोलू लागली, ते कायमचंच. टिकटिकरावांना आपण चुकलो हे कळत होतं, पण चूक नेमकी कुठे झाली ते कळत नव्हतं, आणि जी चूक दाखवता येत नाही ती कबूल कशी करायची, हे त्यांना कोणी शिकवलं नव्हतं. बोलण्याच्या बाबतीत तर त्यांची जीभ म्हणजे गंजलेलं कुलूप. म्हणून फोन आला त्या रात्री त्यांना नीट झोप लागली नाही, आणि सकाळी दात घासताना त्यांनी ठरवलं. बोलायचं नाही, वाजवायचं. तेच गाणं शिकायचं आणि ती आली की तिच्यासमोर वाजवायचं. ती काय ते समजेल. चौऱ्याऐंशी दिवस हातात होते.

बायको म्हणाली, "तुम्ही? गिटार?" आणि ती इतकं हसली की तिला खुर्ची लागली.

गिटार कपाटावर होती. तारा गंजलेल्या. ती पिशवीत घालून टिकटिकराव त्याच मास्तरांकडे गेले, ज्यांच्याकडे मुलगी शिकायची. मास्तरांचं दुकान होतं, पुढे तारा आणि पट्टे विकायचे आणि मागच्या खोलीत चार खुर्च्या टाकून शिकवणी. मास्तर आता पंचावन्नचे झाले होते, पोट सुटलं होतं. त्यांनी चष्म्यावरून पाहिलं आणि म्हणाले, "तुम्ही ते घड्याळवाले ना?"

"हो."

"मुलगी काय करते?"

"बरी आहे. मला शिकायचंय. एकच गाणं. किती दिवस लागतील?"

मास्तर जुन्या तारा कापत होते. "ते हातावर आहे."

"तरी सरासरी?"

"सरासरी हाताला शिकवायला माझ्याकडे अजून कोणी आलेलं नाही," मास्तर म्हणाले. "काहींना तीन महिन्यांत जमतं, काहींना वर्ष. काहीजण तिसऱ्या आठवड्यात गिटार विकायला काढतात. ते मीच घेतो."

टिकटिकरावांना असली उत्तरं मुळीच खपत नसत. एकतीस वर्षं प्रत्येक फोरमन त्यांना हेच सांगत आला होता, साहेब, हे कामावर अवलंबून आहे, आणि प्रत्येक वेळी त्यांनी उभं राहून, मोजून, आकडा काढून दाखवला होता. त्यांनी मनात म्हटलं, हात आपला, घड्याळही आपलं. आपणच काढू.

पहिल्या आठवड्यात त्यांना एवढंच समजलं, की तार म्हणजे बारीक सुरी आहे. डाव्या हाताच्या बोटांची टोकं लाल झाली, मग सुजली, मग त्यांना चहाचा कप धरवेना. मास्तर म्हणाले, जाऊ दे, तीन-चार आठवड्यांत कातडी घट्ट होते. दुसऱ्या आठवड्यात एक एक कॉर्ड वाजू लागली. कॉर्ड म्हणजे तीन-चार बोटं वेगवेगळ्या तारांवर एकदम दाबून धरायची आणि उजव्या हाताने सगळ्या तारा छेडायच्या. गाण्यात चारच कॉर्ड होत्या. एकेक सुटी वाजवली तर बरी वाजे. पण एकीवरून दुसरीवर जायचं म्हटलं की घोडं पेंड खायचं. विशेषतः जी नावाच्या कॉर्डवरून सी नावाच्या कॉर्डवर. बोटं तारांवरून उठायची, हवेत तरंगायची, एकमेकांना विचारल्यासारखी घुटमळायची आणि मग एकेक करून उतरायची. तोपर्यंत गाणं पुढच्या गल्लीत गेलेलं असायचं.

टिकटिकरावांनी तक्ता काढला. अगदी कारखान्यातल्यासारखा. जी वरून सी चे त्यांनी पाच तुकडे केले. बोटं उचलणं, हात सरकवणं, बोटं मांडणं, दाबणं, छेडणं. पण इथे एक अडचण आली. दोन्ही हात गिटारवर, मग स्टॉपवॉच कोण दाबणार?

बायकोला बसवलं. ती घड्याळ हातात घेऊन समोर बसली आणि तिचं अर्धं लक्ष स्वयंपाकघरात. "सुरू कर," ते म्हणाले. तिने केलं. "थांबव." ती गॅस बारीक करायला गेली होती. एकदा तिने नऊ मिनिटं नोंदवली. एकदा म्हणाली, "अहो, मी दाबलंच नाही, तुम्ही इतका रागीट चेहरा केलात की मला वाटलं झालं." तरी दोन आठवड्यांत आकडे जमले. सुटे सुटे पाच तुकडे मिळून एक सेकंद आणि वर थोडं. एकत्र मात्र तीन सेकंदांच्या खाली काही केल्या येईना. गाण्याला हवा होता अर्धा.

बेरीज चुकत नव्हती. मग चुकत काय होतं? हा प्रश्न त्यांच्या अंगात शिरला. ते जेवताना टेबलाच्या कडेवर बोटं मांडून बघत. बसमध्ये समोरच्या सीटच्या दांड्यावर जी आणि सी करत, पुढच्या माणसाने दोनदा मागे वळून पाहिलं. बँकेच्या रांगेत त्यांनी स्वतःच्याच मनगटावर कॉर्ड धरली. दिवस मोजायची सवय असल्यामुळे किती उरले हे विसरणंही शक्य नव्हतं. एकावन्न. सेहेचाळीस. चाळीस. जीव टांगणीला लागला होता. एके दिवशी त्यांनी गिटारलाच दोष दिला, हिचा गळा वाकडा आहे म्हणून. मास्तरांनी ती घेतली, गळ्याच्या रेषेत डोळा लावून बघितलं, तेच गाणं सहज वाजवून दाखवलं आणि म्हणाले, "नाचता येईना अंगण वाकडं." टिकटिकराव त्या दिवशी चालतच घरी आले.

एकदा घड्याळ हातात धरून बसलेली बायको मध्येच म्हणाली, "मी बघितलंय. मी घड्याळ ठेवून आत गेले की तुमचा हात बरा चालतो. समोर बसले की अडतो." थोडं थांबून ती म्हणाली, "तिचाही असाच अडायचा."

टिकटिकरावांनी गिटार मांडीवरून खाली ठेवली. हे त्यांना माहीत नव्हतं असं नाही. घड्याळ दिसलं की माणसाचा हात बदलतो, हे त्यांच्या धंद्याचं पहिलं पान. कारखान्यात ते नवीन माणसांना स्वतः हे शिकवायचे. लोका सांगे ब्रह्मज्ञान. पण एवढ्याने चूक सापडली असं त्यांना वाटेना. आत कुठेतरी आणखी काहीतरी टोचत होतं.

सव्वीस दिवस उरले होते तेव्हा ते मास्तरांच्या मागच्या खोलीत तक्ता घेऊनच गेले. टेबलावर पसरला. "हे बघा. पाच तुकडे, एक सेकंद. मग तीन का लागतात?"

मास्तरांनी तक्ता बराच वेळ पाहिला. त्यांना तो नवा नव्हता. "तुम्ही मुलीसाठीही असाच केला होतात. मला दाखवायला आणला होतात."

"हो."

"त्यात अर्धा सेकंद लिहिला होता. जी वरून सी. मला आठवतंय, कारण मी म्हटलं होतं, एवढा नेमका आकडा आला कुठून."

"मोजून काढला होता," टिकटिकराव म्हणाले. "तुम्ही वाजवत होतात, मी दारात उभा राहून..."

ते वाक्य त्यांनी पुरं केलं नाही. मास्तरांनी चष्मा काढून पुसला. "माझा हात मोजलात," ते म्हणाले, "आणि पोरीला लावलात."

कोणा बाहेरच्या माणसाला यात विशेष काही वाटलं नसतं. पण टिकटिकरावांनी टेबलावरचा तक्ता उलटा करून ठेवला. त्यांच्या धंद्यात एक नियम होता, आणि तो त्यांनी एकतीस वर्षांत एकदाही मोडला नव्हता. वेळ ठरवायचा तो मुरलेल्या हातावरून, आणि लावायचा तोही मुरलेल्या हातालाच. नवी बाई कॉइलवर बसली की पहिले दहा आठवडे तिला ठरलेला वेळ लागू नसायचा. तिच्या कार्डावर ते स्वतः शिक्का मारत, शिकाऊ. एकदा एका फोरमनने तिसऱ्या आठवड्यातल्या मुलीला कमी पंख्यांवरून झापलं, तर टिकटिकराव थेट मॅनेजरकडे गेले होते. म्हणाले होते, शिकाऊ हाताला मुरलेल्या हाताचा वेळ लावणं हा अन्याय आहे. मॅनेजरने फोरमनला माफी मागायला लावली. ती मुलगी रडली होती. तिचं नाव टिकटिकरावांना अजून आठवत होतं. आणि स्वतःच्या घरात, अकरा वर्षांच्या पोरीच्या कार्डावर तो शिक्का मारायचा ते विसरले.

विसरले म्हणणंही खोटं. त्यांच्या मनातच आलं नव्हतं. ती परकी असती तर आलं असतं.

"बसा," मास्तर म्हणाले. "पाणी देऊ?"

"नको," टिकटिकराव म्हणाले आणि उठून गेले, मग परत आले, कारण गिटार विसरली होती.

उरलेले दिवस त्यांनी तक्त्याशिवाय काढले. शांत झाले म्हणावं, तर तसंही नाही. उलट तगमग वाढली. आधी नुसतं वाजवायचं होतं, आता सांगायचंही होतं, आणि वाजवणं परवडलं पण सांगणं नको, अशी गत. सकाळी आरशासमोर वाक्यं जुळवून बघत. कुठलंच वाक्य तोंडात बसत नसे. सी मात्र हळूहळू बसू लागली होती. दहातल्या सहा वेळा वेळेवर, चार वेळा नाही.

मुलगी आली. नात सहा वर्षांची, तिच्या तोंडाला खळ नाही. पहिला दिवस सामान काढण्यात गेला. दुसऱ्या दिवशी मुलगी आणि आई कपाट आवरत बसल्या आणि टिकटिकराव या खोलीतून त्या खोलीत फिरत राहिले. तिसऱ्या दिवशी मुलीच्या मैत्रिणी आल्या. बायको स्वयंपाकघरात त्यांना कोपराने ढोसून म्हणाली, "अहो, कधी? उद्या संध्याकाळी ती जाणार." ते म्हणाले, "माहितीये मला." चौथ्या दिवशी सकाळी नाश्ता झाला. बायको नातीला घेऊन मुद्दामच खाली दुकानात गेली. मुलगी टॉवेलने केस पुसत बाहेर आली, तर बाप खुर्चीत गिटार घेऊन बसलेला.

ती दारातच थांबली. "हे काय?"

त्यांनी वाजवायला सुरुवात केली. पहिली ओळ गेली. दुसरी गेली. तिला गाणं ओळखू आलं, हे त्यांना न बघताच कळलं, कारण टॉवेल थांबला. तिसऱ्या ओळीला, जिथे जी वरून सी वर जायचं, तिथेच हात अडला. बोटं हवेत.  टिकटिकरावांच्या डोक्यात आपोआप आकडे सुरू झाले, एक, दोन, आणि ते बंद होईनात. चार झाले, पाच झाले. मग त्यांनी हात खाली घेतला.

"बारा आठवडे झाले," ते म्हणाले. "येत नाही मला. तुला मी साडेसहा आठवडे दिले होते. त्यातला एकेक सेकंद मास्तरांच्या हातावरून काढला होता. वीस वर्षं वाजवणाऱ्या माणसाच्या. कारखान्यात मी असं कोणाला केलं असतं तर मला काढून टाकलं असतं. शिकाऊ माणसाला तो वेळ लावतच नाहीत. तू हळू नव्हतीस. माझा आकडा चुकला होता." एवढं ते आयुष्यात एका दमात कधी बोलले नव्हते. 

 मुलीने टॉवेल खुर्चीच्या पाठीवर टाकला.

"मला वाटायचं, माझ्या हातातच काहीतरी कमी आहे," ती म्हणाली. "चोवीस वर्षं तसंच वाटतंय मला. गाडी शिकले नाही. टायपिंगच्या परीक्षेला बसून उठून आले. पोरीच्या शाळेतली बाई मागच्या महिन्यात म्हणाली, हिला चित्रकलेच्या वर्गाला घाला, हात चांगला आहे. मी नको म्हटलं. कशाला कोणी मोजायला पाहिजे."

 माफ कर हा शब्द टिकटिकराव तीन आठवडे आरशासमोर घोकत होते, आणि तो म्हणायची वेळ आली तेव्हा तो इतका लहान वाटला की त्यांना तो तोंडातून काढायची लाज वाटली. तरी त्यांनी काढला. "माफ कर," ते म्हणाले. 

 ती जवळचं स्टूल ओढून त्यांच्या डाव्या बाजूला बसली आणि गिटारच्या गळ्याकडे वाकून पाहू लागली. "सी धरा," ती म्हणाली. त्यांनी धरली. "हे तिसरं बोट मागे राहतंय. इथे, या धातूच्या पट्टीला लागून दाबायचं." तिने त्यांच्या बोटावर आपलं बोट ठेवलं आणि ते पुढे सरकवून जोराने दाबलं. तार कातडीत रुतली आणि त्यांनी ओठ आवळले.

"दुखतंय?" तिने विचारलं.

"हो."

"मलाही दुखायचं," ती म्हणाली. "तुम्ही कधी विचारलं नाहीत."

तिने बोट उचललं नाही, आणि त्यांनीही हात काढून घेतला नाही. "नाही विचारलं," ते म्हणाले.